पावाचा साचा, दोन बोटं वाढीव

थप्प! साचा उपडा केला की ओली वीट जमिनीवर पडताना अशी बोलायची. लहानपणी बापाच्या भट्टीवर ऐकलेला हा आवाज. पुढे मीही जन्मभर विटाच पाडल्या. त्याच आवाजाने म्हातारपणी माझी काय फजिती केली, ते ऐका. चहा घ्या सावकाश. मी तसाही हळूच बोलतो.

आमची सून हौशी. तिची आई पहिल्यांदाच आमच्या घरी कामठ्याला येणार होती. "आईले माझ्या हातच्या ब्रेडचं सँडविच खाऊ घालीन," म्हणाली. ओव्हन होता, साचा नव्हता. तिने पुठ्ठा कापून माप दिलं. "मामाजी, बरोबर एवढाच आणजा. मैदा याच मापाचा घेणार हावो मी."

बायको मागून ओरडली, "अन् येताना खुराड्यासाठी एक इट आणजा! जन्मभर इटा पाडल्या, अन् घरच्या कोंबड्यायच्या भिंतीले भोक!"

मी गोंदियाला टिनवाल्याकडे गेलो. आता तुम्हीच सांगा, भाजलेली वस्तू आकसते की नाही? ओली वीट मोठी पाडावी, तेव्हा कुठे भट्टीतून बेताची निघते. पोरीला हे कुठून ठाऊक असणार! मी म्हटलं, "लांबीले दोन बोटं वाढव, रुंदीले दोन."

"काका, पुठ्ठा तो छोटा है. डिब्बा बडा काहे को?"

"चुप बस. साच्यातलं मले कायले शिकवून राहिला?"

सुनेनेही विचारलं, "मामाजी, हा मोठा नाही काय?"

"भाजला की बेताचा होते. तू पाहाच!"

सासऱ्याशी वाद कोण घालणार? तोवर विहीणबाईही येऊन बसल्या होत्या.

ब्रेड ओव्हनमधून निघाला. सुनेने साचा उपडा केला. थप्प!

तोच आवाज! मी इतका खूश झालो, की तोंडातून निघून गेलं, "वा! काय सुबक पडली!"

मग खाली पाहिलं. पसरट, तांबूस, चारही कोपरे टोकदार. भट्टीवर कुणी नाकारली नसती!

"मामाजी," सून रडवेली झाली, "ब्रेड फुगते, आकसत नाही. मैदा तेवढाच, जागा मोठी. मग वर काऊन येईल? पसरला आरामात!"

विहीणबाईंनी बोटाने टकटक केलं. "काऊन वो पोरी, याचं सँडविच कापाचं कसं?"

सुनेची मान खाली गेली. मला ते बघवेना. म्हटलं, "विहीणबाई, पोरीचा दोष नाही. ब्रेड तिनं बनवला, इट मी पाडली."

विहीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. सूनही हसली. चहात बुडवून विहीणबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. सुटलो बुवा!

बायको मात्र हसली नाही. तिने उरलेला ब्रेड उचलला, उलटापालटा करून पाहिला, वितीने मोजला आणि खुराड्याकडे चालू लागली.