फळीवरची पाच मिनिटं

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. सव्वीस वर्षं पिंजरे धुतले, भुसा बदलला, पण माणूस इतका हळवा की उंदराला सुई टोचली की डोळे मामाच मिटायचे. घरी बायको म्हणायची, "माझं डोकं दुखलं तर कधी एवढी विचारपूस केली नाहीत!"

तिथे एक ताई भीतीवरच्या औषधाचा अभ्यास करत होती. कमरेइतक्या उंचीवर फुलीसारखी फळी, तिच्या चार फाट्यांपैकी दोनांना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतीआड दडतो, औषध लागू पडलं की उघड्यावर फिरून येतो. ताईचे उंदीर मात्र औषध घेऊनही कोपरा सोडत नव्हते. तिने डोस पुन्हा मोजले, बाटल्या बदलल्या, जीव ओतला. तीन वर्षं झाली तसे मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "औषध चांगलं नावाजलेलं आहे. खोट तुझ्या हातात आहे." ती खाली मान घालून गेली, ती कायमचीच.

वर्षाने एक नवे सर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, चाचणीआधी उंदराला फळी दाखवायची नाही. एकदा फिरून आला की पुढच्या वेळी हे औषध त्याला लागू पडत नाही."

"एकदाच? पाच मिनिटं?"

"पाच मिनिटंही पुरतात."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. नवख्या जागी जीव घाबरा होऊ नये म्हणून ताईचा प्रत्येक उंदीर त्यांनी आदल्या दिवशी गुपचूप फळीवर सोडला होता. उंदरांची दया आली आणि पोरीच्या तीन वर्षांवर पाणी फिरलं. तिला बोलणी बसली तेव्हा मामा दारातच उभे होते, हळहळत होते. त्या हळहळीची आता त्यांना लाज वाटली.

ताई घरी शिकवण्या घेत होती. मामांनी पत्ता काढला, जाऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती?"

"नव्हती, ताई."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मोठ्या सरांना सांगाल हे?"

"त्यांना सांगूनच आलोय. म्हणाले, झालं ते झालं. तुमच्या जागेवर दुसरीला घेतलंय."