झाकलेलं कृष्णविवर आणि आईचा डोळा

दुर्बीण अवकाशात, मी पनवेलला जेवणाच्या टेबलावर. तिथे लॅपटॉप उघडून मी दूरच्या दीर्घिकांच्या पोटातली कृष्णविवरं शोधते. त्यांच्यात ओढला जाणारा वायू तापतो आणि क्ष-किरण फेकतो. पण काहींच्या भोवती धूळ-वायूचं इतकं जाड कडं असतं की सौम्य किरण त्यातच मुरतात. जोरकस तेवढेच पार होतात. हे मूठभर किरण खरंच तिथून आले की उपकरणाच्याच खुडबुडीतून, याचा काथ्याकूट म्हणजे माझी नोकरी. आई उरणच्या बाजारात मासे विकायची. तिचं मत, "जे दिसत नाय तेचा पगार खातेस."

मागच्या वर्षी तिलाच दिसेनासं झालं. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकून पार पांढरा झाला होता. सोनोग्राफीत डोळ्याचा पडदा जागेवर होता, पण तो काम करतो का, हे टॉर्च मारूनच कळणार होतं. प्रकाश कुठून येतो एवढं जरी तिला ओळखता आलं, तर ऑपरेशन. नाहीतर भिंग बदलून उपयोग नव्हता.

खोलीत अंधार केला. "आजी, आता कुठून?" डॉक्टर विचारत होते आणि आई भाव सांगावा तशी ठणकावून सांगत होती. उजवीकडून. डावीकडून. परत डावीकडून. सगळं बरोबर. डॉक्टर खूश होऊन तारीख बघू लागले. मला मात्र टॉर्चच्या बटणाची टकटक ऐकू आली होती, आणि ज्या बाजूला टॉर्च त्याच बाजूने त्यांचा आवाजही येत होता. हवं तेच उत्तर मिळालं की मला संशय येतो, सवयच आहे. मी म्हटलं, "टॉर्च चालूच ठेवा, न बोलता फिरवा. विचारते मी."

मग आईची उत्तरं चुकत गेली. शेवटी डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि तारखेचं बोलणंही तिथेच राहिलं. मला वाईट वाटलं, आणि माझा संशय खरा ठरल्याचं बरंही वाटलं.

घरी जाताना रिक्षा पळस्पे फाट्याला पोचली, तेव्हा आईने विचारलं. "तुजा तो खड्डा दिसला नाय तं काय करतेस गो?"

"दुर्बिणीवर पुन्हा वेळ मागते. जास्त वेळ बघते."

"तरी नाय दिसला तं?"

"तर आणखी मोठी दुर्बीण मागते."

"मंग माज्यासाठी मोठा टॉर्च का नाय मागितलास?"

कडं जाड असेल तर काही न दिसणं म्हणजे मागे काही नसणं नव्हे, हे मी दर लेखात लिहिते. आईच्या बाबतीत मात्र एका बारक्या टॉर्चवर निकाल देऊन मोकळी झाले होते. मला लाज वाटली. पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, परत दवाखान्यात घ्या."