वर्यामची पावशेर पाल

वर्याम पालारीचं उभं आयुष्य खाटेच्या पायत्याकडं गेलं. गावचा जमीनदार, वडेरा दिलमुराद, याच्या ओताकीत म्हणजे बाहेरच्या बैठकीत संध्याकाळी सगळ्या वस्तीतले पुरुष जमायचे आणि कोणी कुठं टेकायचं हे माणूस जन्माला यायच्या आधीच ठरलेलं असायचं. उशाकडं जमीनवाले, मधे उंटवाले आणि बकऱ्यावाले. पायत्याला, जिथं सुंभ सैल होऊन ढुंगण जमिनीला घासायचं, तिथं वर्याम. सडकेच्या वळणावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाभळ, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. अख्ख्या कोहिस्तानच्या डोंगराळ मुलखातल्या मोटारींना हवा भरणारा हा माणूस, पण त्याच्या बोलण्याला वजन म्हणून नव्हतं. त्यानं तोंड उघडलं की कुणाला तरी खोकला यायचा. चहाची किटली त्याच्यापर्यंत पोचेतो तळाची पत्ती तेवढी उरायची.

मग कराचीहून वडेऱ्याचा कारभारी बचल ती बातमी घेऊन आला. ठिपक्याठिपक्यांची, जाड शेपटीची जी बिबट्या पाल आपल्या डोंगरात दगडाखाली सापडते, ती म्हणे कुणी परदेशी माणूस विकत घेतोय. का घेतोय ते बचलला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं औषधाला, कुणी म्हणालं बाँबला. किती देतो तेही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच आकडा रोज वाढत होता. अट एकच. पाल पावशेर भरली पाहिजे.

पावशेर भरणारी पाल कोणी पाहिली नव्हती. पण ओताकीत बसून पाहायला काय लागतं? एकाच्या आज्यानं पाहिली होती. दुसऱ्याच्या मामाच्या विहिरीत तर अर्ध्या शेराची होती.

अडचण इतकीच की त्या पालीच्या फुंकरीनं माणूस जागच्या जागी थिजतो, हेही सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं व्यापाराला सगळे तयार, हात घालायला कोणी नाही. वर्यामला मात्र ती जुन्या टायरात आयती सापडली. त्यानं ती बिस्किटाच्या डब्यात घातली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि संध्याकाळी डबा घेऊन ओताकीत गेला. डबा बघून खाटेवरची माणसं अशी सरकली की वर्याम कुणी न बोलावता मधे जाऊन बसला. त्या दिवशी त्याला पहिल्या धारेचा चहा मिळाला. ‘ए वर्याम’चा ‘अदा वर्याम’, म्हणजे वर्यामदादा, झाला.

पाल तेव्हा अगदीच करंगळीएवढी होती. तिला पावशेर करायचं काम सगळ्या ओताकीनं अंगावर घेतलं. ईदचा बोकड पोसतात तशी तिची बडदास्त सुरू झाली. तुपातली चुरी तिनं हुंगलीसुद्धा नाही. बदाम ठेचून दिले, त्यावर ती चालून गेली. मग बचलनं शोध लावला की शेणखताच्या ढिगातली हुमणी तिला आवडते. गुबगुबीत, पांढरी, नखाएवढी अळी. वर्याम सकाळ-संध्याकाळ शेणात हात घालून अळ्या काढू लागला. पाल गिळत गेली, तिची शेपटी गाजरासारखी फुगली, आणि खेमो सोनार आपल्या गुंजांच्या काट्यावर तिला तोलून वाढलेलं वजन सांगू लागला. शेपटी जसजशी जाड होई, तसतसा वर्याम उशाकडं सरके. आता पाऊस कधी पडेल, सरकार कधी पडेल हे लोक त्याला विचारू लागले, आणि तोही सांगू लागला.

हे बघून वडेऱ्यानंही नोकरांकरवी एक पाल धरून आणवली. तिला चांदीचं ताट, तिच्या अळ्या वेचायला दोन माणसं. तरी वर्यामचीच वजनाला पुढं होती. त्यानं तिचं नाव बेगम ठेवलं होतं. त्याची बायको भागुल तिला सवत म्हणायची.

“आवं, माझ्याकडं कधी एवढा वेळ बघत बसला न्हाईत,” ती म्हणायची. “तिला निदान स्वैपाक तरी शिकवा.”

खरं तर वर्यामला तिचा लळा लागला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो डबा उघडे. बेगम मान तिरकी करून त्याच्याकडं बघे, आणि त्याचं बोलणं कुणाला खोकला न येता शेवटपर्यंत ऐकून घेई.

मग एके दिवशी ती उठेना. पोट जमिनीला, पुढचे पाय कोपरातून वाकडे, ओल्या मातीचे असावेत तसे. अळी समोर वळवळत होती, पण जबडा मिटत नव्हता. खालचा ओठ रबरासारखा लिबलिबीत. बोटं थरथरत होती.

ओताकीत निदान झालं की हा खानदानी आळस आहे. वजनदार मंडळी चालत नसतातच, हे बचलनं वडेऱ्याकडं बघत सांगितलं. कुणी राईच्या तेलानं मालीश सांगितली. एकानं पानाचा चुना चाटवायला सांगितला, हाडाला चुनाच लागतो म्हणाला. वर्याम घरी येऊन चुन्याची डबी उघडतच होता, तेवढ्यात भागुलनं त्याच्या हातावर चापट मारली.

“तोंड भाजून मारताय का तिला? पान खाणाऱ्याची जीभ बघितली न्हाई कधी?”

तिनं पाल उचलली, निरखून बघितली आणि नवऱ्याला झापायला सुरुवात केली. कोंबडी नुसत्या चरबीवर ठेवली की मऊ कवचाची अंडी घालते, पुढं पायांतून जाते. हिचंही तेच झालंय. हुमणी म्हणजे नुसतं लोणी; त्यात हाडाला काय आहे? तुम्ही सगळ्यांनी मिळून शेपटी वाढवली आणि सांगाडा खाल्लात.

किनाऱ्यावरच्या तिच्या बहिणीकडून कोंबड्यांसाठी समुद्रफेन, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, यायचं. त्यातला एक तुकडा तिनं पाट्यावर पिठासारखा वाटला. हुमणी बंद केली. वर्यामला रातकिडे आणि नाकतोडे धरायला पाठवलं, तेही लगेच घालू दिले नाहीत. आधी एक दिवस मडक्यात लसूणघास आणि गाजर खाऊ घालून ठेवले.

“उपाशी किडा दिला तर तिच्या पोटात टरफलच जाणार,” ती म्हणाली. “किड्याचं पोट भरलं तर तिचं भरंल.”

मग किडे त्या पिठात घोळवायचे, भजी बेसनात घोळवतात तसे, आणि एकेक करून द्यायचे. तेही रोज ठासून नाही. एका बुडकुलीत थोडं पीठ नुसतंच ठेवलं, मनाला येईल तेव्हा चाटायला. डब्याच्या एका बाजूला उन्हात तापलेला दगड, कारण ऊब नसली तर खाल्लेलं जिरत नाही. कोवळ्या उन्हात जरा वेळ बाहेर. पहिले काही दिवस जबडाच मिटत नव्हता, तेव्हा वर्यामनं किडा चिरडून, पिठात कालवून काडीनं तिच्या ओठाला लावला. चाळीस वर्षं टायर ठोकलेला हात, पण काडी पिसासारखी धरली.

हळूहळू ती उठली. एक पाय किंचित वाकडाच राहिला, पण पोट जमिनीवरून सुटलं. मग एकदा ती नाकतोड्यावर अशी झेपावली की वर्याम मागं पडला. आणि जसजशी ती चालू-फिरू लागली, तसतशी शेपटीवरची सूज उतरली.

खेमोचा काटा खोटं बोलत नव्हता. दर तोलणीला वजन कमी. त्याबरोबर वर्यामही खाली सरकू लागला. आधी उशाकडची जागा गेली, मग ‘अदा’ गेलं, मग पहिल्या धारेचा चहा. बचल चारचौघांत म्हणाला, घरात बाईचं ऐकलं की असं होतं. पुन्हा हुमणी घातली असती तर महिन्याभरात जागा परत मिळाली असती, हे वर्यामला कळत होतं. दोनदा तो खताच्या ढिगापर्यंत जाऊन आला. एकदा तर अळी हातातही होती. ती त्यानं कोंबडीपुढं टाकली.

एवढ्यात बातमी आली की कराचीचा माणूस उद्या येतोय. आणि त्याच सकाळी वडेऱ्याची पाल चांदीच्या ताटात मरून पडली. गोलमटोल, चारी पाय वेडेवाकडे. तिला बघून बचल म्हणाला, मरणातसुद्धा काय रुबाब आहे.

संध्याकाळी वडेऱ्यानं वर्यामला हाक मारली. खुद्द उशाकडं, स्वतःच्या शेजारी बसवलं. लोड सरकवून दिला.

“वर्याम, तू आमचाच माणूस,” वडेरा म्हणाला. “तुझी पाल ती आमचीच पाल. ती इथं ठेव, आणि तूही इथंच बस. आजच्यापुरता न्हाई, कायमचा.”

बचलचा हात डब्याकडं निघालाही होता. वर्यामच्या पाठीला लोडाचा मऊपणा लागत होता. त्याच्या बापाला तो जन्मात लागला नव्हता. त्यानं डबा मांडीवर घट्ट धरला. आत बेगम नखांनी पत्रा खरवडत होती.

“सांई,” तो म्हणाला, “माझी मान मागितली असती तर दिली असती. पण ही पाल कोणत्या तोंडानं देऊ? खेमोला विचारा, आधीच्या निम्मीबी न्हाई राहिली. उद्या तो कराचीवाला गावोगाव सांगत फिरंल, वडेऱ्याच्या घरात पालीलासुद्धा पोटभर मिळत न्हाई.”

खेमोनं खाली बघून मान डोलावली. वडेऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं लोड परत आपल्याकडं ओढला.

“कुणी मागितलीय तुझी मरतुकडी?” तो म्हणाला. “आमच्या घराण्यात पालीचा धंदा कधी झाला न्हाई.”

सगळ्यांनी तेच तर आम्ही म्हणत होतो म्हणून सांगितलं. कराचीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. मग ओताक जुन्या पितळी कुलपांच्या मागं लागली, त्यांच्या पोटात काहीतरी असतं म्हणे.

पण त्या संध्याकाळी वर्याम उशाकडून उठला, तो पायत्यापाशी थांबला नाही. किटली नुकतीच आत येत होती, पण दिवस बुडाला होता आणि विहिरीकडचे रातकिडे किरकिरायला लागले होते. पोरांनी धरायच्या आत उद्याचे धरायला हवेत, म्हणून तो चहा न घेताच चपला शोधू लागला. कुठं निघालास, कुणीतरी विचारलं.

“तिची जेवायची वेळ झाली,” वर्याम म्हणाला, आणि कुणाला खोकला आला का, हे बघायलाही तो थांबला नाही.