आप्पांच्या अँबॅसिडरचं मोठं इंजिन

जुनं इंजिन चेनपुलीला लटकलेलं होतं, खाली तेलाचं थारोळं साचलं होतं, आणि बाकावर माझा फोन वाजत होता. दोन्ही हात काळे. करंगळीनं कसाबसा स्पीकर चालू केला.

"अण्णा, अजून किती दिवस? निपाणीहून आक्काचा फोन आलता. गाडी कुठं गेली म्हणून आप्पा दारातनं आत येईनात."

"मिलिंदसाहेब, इंजिन आत्ता कुठं बाहेर काढलंय. घाई केलासा तर गाडी तुमालाच ढकलत न्यावी लागंल."

ते हसले. मीही हसलो. त्या फोनवर हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते कळायला वेळ लागला.

माझं बेळगावात उद्यमबागेत गॅरेज आहे. आम्ही मूळचे उचगावचे, घरी अजून शेती आहे. डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं एका कारखान्यात काढली, मग जुन्या गाड्यांच्या नादाला लागलो. नवीन गाडीला लॅपटॉप जोडतात, जुन्या गाडीला कान लावावा लागतो. मला दुसरं जमतं.

मिलिंदसाहेब इथं बेळगावात बँकेत मॅनेजर. त्यांचे वडील, आप्पा, निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचे ड्रायव्हर होते. आजोबा त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत पोती उचलायचे. आप्पांनी उभी हयात त्या शेठची पांढरी अँबॅसिडर चालवली. शेठ वारल्यावर त्यांच्या मुलांनी गाडी विकायची ठरवली, तेव्हा आप्पांनी ती स्वतःच घेतली. आता गाडी आप्पांच्या दारात होती आणि आप्पांना विसरण्याचा आजार झाला होता. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. त्यांच्याजवळ राहून त्यांना सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीचं, म्हणजे आक्काचं, नाव त्यांना कधी आठवायचं, कधी नाही.

"आमच्या आज्ज्यानं ह्या गाडीला हात लावलेला शेठास्नी चालला नसता," मिलिंदसाहेब पहिल्या दिवशीच मला म्हणाले. "आता गाडी आमची हाय. पण आप्पा अजून मागच्या सीटवर बसले न्हाईत बघा. एकदा त्यास्नी मागं बसवायचंय. काच वर, एसी चालू. कणकुंबीपतोर जंगलातनं फिरवून आणायचंय. मालकासारखं."

मला माणूस आवडला.

अडचण इंजिनाची होती. मूळचं पंधराशे सीसीचं इंजिन धूर मारत होतं आणि ऑइल पीत होतं. मी म्हटलं, "इंजिन काम करूया." म्हणजे इंजिन उघडायचं, सिलिंडर बोअर करायचे, रिंगा-पिस्टन नवे घालायचे. गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालते. पण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, आणि त्या इंजिनाला घाटात स्वतःचंच वजन जड होत होतं. एसी लावला असता तर पहिल्याच चढाला रेडिएटर उकळला असता. त्यामुळं मोठं इंजिन घालायचं ठरलं. याच मॉडेलच्या नंतरच्या गाड्यांत अठराशे सीसीचं जपानी इंजिन यायचं. तसं एक चांगलं इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट कोल्हापुरात मिळालं.

"एक सांगतो, साहेब," मी म्हणालो. "तुमच्या गाडीला हँडगिअर हाय. नव्या इंजिनाला खालचा गिअर येणार."

हँडगिअर म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच, डाव्या हाताशी. जुन्या गाड्यांत तसाच असायचा. नंतर तो दोन सीटच्या मधे, जमिनीतून यायला लागला.

"हँडगिअर कशाला पाहिजे? चालवणार मी. मला खालचाच जमतोय. आप्पा तर मागं बसणार."

बोलणं बरोबर होतं. आजारी म्हाताऱ्या माणसाच्या हातात कुणी गाडी देत नाही. वर त्यांनी बजावलं, "घरात कुणाला सांगू नगा. सर्व्हिसिंगला न्हेलीय म्हणून सांगितलंय. आप्पास्नी एकदम दाखवायची." आरटीओची परवानगी त्यांनी स्वतः खेपा घालून आणली. बँकेतला माणूस, कागदात कुठं कमी पडला नाही.

काम मनासारखं झालं, हे सांगितलं पाहिजे. इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंगं नव्यानं बनवली. गिअरबॉक्स लांब होता, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून, जोडून, बॅलन्स करून घेतला. मोठा रेडिएटर बसवला. तळाचा पत्रा कापून गिअरसाठी भोक पाडलं. स्टिअरिंगवरचा जुना दांडा काढला आणि त्या जागी रबराचं बूच लावलं. ते बूच मी इतकं सफाईदार बसवलं की तिथं कधी काही होतं असं वाटू नये.

जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स कोपऱ्यात पडून होते. "न्या की कुणाला पाहिजे तर," असं मिलिंदसाहेब म्हणाले होते. आमच्या उद्यमबागेत भंगार शिळं होत नाही. शेजारी फौंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्यांना असलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हवंच असतं. दर शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीतून फिरतो आणि कोपऱ्यात जे काही काळं आणि जड दिसेल ते उचलून नेतो. त्यानं हेही नेलं.

गाडी पोचवायला मी बरोबर गेलो. हायवेला गाडीनं जीव ओतला. तवंदीच्या घाटात एसी चालू असूनही तापमानाचा काटा हलला नाही. मिलिंदसाहेब लहान मुलासारखे खूश होते.

निपाणीत आप्पा दारातच उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दाढी केलेली. गाडी बघताच त्यांचा चेहरा सैल पडला. मुलाकडं, माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गेले, बाह्या नीट केल्या आणि आत बसले.

"आप्पा, मागं बसा की," मिलिंदसाहेब म्हणाले.

आप्पांनी क्लच दाबला. डावा हात स्टिअरिंगकडं गेला आणि हवेत मिटला. परत गेला, परत मिटला. मग ते त्या बुचावरून बोटं फिरवत राहिले. मिलिंदसाहेबांना वाटलं, इंजिनाचा आवाज ऐकला की कळेल. त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. नवीन इंजिन मऊ आवाजात चालू झालं. आप्पांनी ते ऐकलं, दार उघडलं आणि खाली उतरले.

"ही न्हवं," ते म्हणाले. "आमची गाडी कुठं ठेवलासा? शेठ वाट बघाय लागल्यात."

आक्का पायरीवर उभी होती. तिनं आत डोकावून बघितलं.

"गिअर कुठं गेला रं, मिलिंद?"

"खाली हाय की. नवीन हाय."

"रोज संध्याकाळी गाडीत बसत्यात ते. बंद गाडीत. गिअर टाकत्यात, काढत्यात, तासभर. मग 'शेठास्नी सोडलं' म्हणत्यात आणि जेवाय येत्यात. त्याबिगर घास घेत न्हाईत. इतकं दिवस 'गाडी येणार हाय' म्हणून कसंबसं चारलं."

"मला काय ठावं, आक्का?"

"इचारला असतास तर सांगितलं असतं," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी शोधायला निघाले आणि हायवेपर्यंत गेले. एका पानवाल्यानं ओळखून परत आणलं. मग हे रोजचंच झालं. आक्का दाराला कडी घालायची आणि ते आतून दार वाजवत राहायचे.

मला एक युक्ती सुचली. जुना हँडगिअरचा दांडा माझ्याकडं राहिला होता. मिलिंदसाहेबांबरोबर निपाणीला जाऊन मी तो खांबावर परत बसवला, नुसता दिखाऊ. स्प्रिंग लावली, म्हणजे हाताला थोडा जोर लागेल. आप्पांना आणून बसवलं. त्यांनी क्लच दाबला, दांडा ओढला, वर ढकलला. आम्ही तिघं बाजूला उभे. मग अगदी सरळपणानं, एका ड्रायव्हरनं मिस्त्रीला सांगावं तसं मला म्हणाले, "गिअर पडत न्हाय, मिस्त्री. करून द्या."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं इतकं अचूक दुखणं मला क्वचितच सांगितलं असेल. आणि ते मला करून देता येत नव्हतं.

परत येऊन भंगारवाल्याला गाठलं. त्यानं फौंड्रीचं नाव सांगितलं. तिथल्या सुपरवायझरनं मला यार्ड दाखवलं, भट्टी दाखवली.

"तो माल कवाच वतला की, अण्णा," तो म्हणाला. "पंपाच्या बॉड्या झाल्या त्याच्या. लई चांगलं बीड असतंय जुन्या इंजिनाचं."

मग दुसरं तसलंच इंजिन शोधायला लागलो. कोल्हापूर, मिरज, गोवा, सगळीकडं फोन केले. इंजिनं मिळत होती, हँडगिअरचा गिअरबॉक्स मिळत नव्हता. मिळाला तर लिंक गायब. लिंक म्हणजे स्टिअरिंगवरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारे गज. हातातलं काम बाजूला ठेवून मी फिरत होतो. शेवटी सावंतवाडीकडं एका बंद पडलेल्या टॅक्सीत सगळं एकत्र मिळालं. तेही झिजलेलं. बोअर, रिंगा, लिंकांची बुशं, सगळं करून घ्यावं लागलं. मोठं इंजिन काढून परत लहान घालतोय म्हटल्यावर आरटीओतला क्लार्क मिलिंदसाहेबांकडं बघून कन्नडमध्ये म्हणाला, "याक्री?" का हो? त्यांनी नुसता कागद पुढं सरकवला.

या काळात आक्काचे फोन कमी झाले. आधी रोज यायचे, मग अधूनमधून, मग बंद. मला वाटलं, आप्पा निवळले असतील. मिलिंदसाहेबांनाही तसंच वाटलं. वाटणं सोयीचं होतं.

काम झाल्यावर मी स्वतः गाडीत बसून प्रत्येक गिअर टाकून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक गिअर जुन्यासारखा खट्टकन पडत होता. आवाजही तोच, थोडा खरखरीत. एसी अर्थातच काढला होता. मी खूश झालो होतो, हे लपवून काय उपयोग.

परत तोच हायवे, तोच घाट, या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत. निपाणीत दार उघडंच होतं. कडी काढून टाकली होती. आप्पा आत खुर्चीवर बसले होते. आक्कानं त्यांचा हात धरून बाहेर आणलं.

"आप्पा, गाडी आली बघा," मिलिंदसाहेब म्हणाले.

आप्पांनी गाडीकडं बघितलं. "कुणाची हाय?" त्यांनी विचारलं. चौकशी म्हणून, परक्या माणसानं करावी तशी.

ड्रायव्हरचं दार उघडलं, पण ते पुढं झाले नाहीत. मिलिंदसाहेबांनी त्यांचा डावा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. हात खाली पडला. मिलिंदसाहेबांनी परत ठेवला, परत पडला.

"असू दे रं," आक्का म्हणाली. "आता जेवत्यात. घातलं की खात्यात. गाडीचं नाव काढून लई दिवस झालं."

मग मिलिंदसाहेबांनी मागचं दार उघडलं आणि आप्पांना हळूच आत बसवलं. ते बसले. विरोध केला नाही, सीट झाडून बघितली नाही, पुढं येतो म्हणाले नाहीत. हात मांडीवर ठेवून, मागं टेकून, काचेतून बाहेर बघत बसले.

मिलिंदसाहेब स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली नाही.

"बसले बघा, अण्णा, मागं," ते मला म्हणाले आणि रडायला लागले.

मी काय करणार? बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, परत लावलं. ऑइल बरोबर होतं.

तेव्हापासून मोठं इंजिन घालायला कुणी आलं की मी आधी त्याच्या घरी जातो. ही गाडी रोज कोण वापरतं, कसं वापरतं, ते घरातल्या सगळ्यांना विचारतो. गिऱ्हाइकं वैतागतात. "मिस्त्री, तुमाला गाडीचं काम दिलंय, घरच्या चौकशा कशाला?" म्हणतात, आणि काहीजण दुसऱ्या गॅरेजला जातात. जाऊ देत.