शाळेमागे एक कॅट

पत्त्यांच्या खेळाचे किती कॅट छापायचे, हे नगरपालिकेच्या शाळा कमिटीने एका बैठकीत ठरवलं आणि त्या बैठकीत एकानेही तो खेळून पाहिला नाही.

खेळ मी रचला होता. सोलापुरात माझ्या वर्गात निम्मी मुलं विणकरांची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे वर्गात मुकी. म्हणून एका पत्त्यावर चित्र आणि मराठी शब्द, जोडीच्या पत्त्यावर तोच शब्द तेलुगूत. चौघांनी बसून जोड्या लावायच्या. छापखान्यात तेलुगू खिळे नव्हते, तेव्हा शिळाछापावर, म्हणजे दगडावर अक्षरं उतरवून, काढायचं ठरलं. तेलुगू अक्षरं शेजारच्या गल्लीतल्या एका विणकराने लिहून दिली. दिवसभर मागावर बसून आलेला माणूस महिनाभर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर लिहीत बसे. मोबदला नको म्हणाला.

"एक कॅट माज्या पोरींना द्या की, मास्तर. त्यांना शाळंत कोण घालतंय?"

मी हो म्हटलं.

कमिटीकडे मी पाचशे कॅट मागितले. अध्यक्षांनी विचारलं, "शाळा किती?" पंचवीस. "मग पंचवीस पुरे." नकाशा शाळेला एक, पृथ्वीचा गोल एक, तसा खेळही एक. डेडस्टॉकच्या वहीत नोंद करून हेडमास्तरांच्या कपाटात ठेवायचा. मुलांच्या हाती दिला तर पत्ते हरवतील म्हणे. हरवतील तर हरवू देत, खेळ आहे तो. कुलपातल्या खेळाचं काय लोणचं घालायचं? हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडाने "बरं, साहेब" म्हणालो आणि ठरावाखाली सही केली.

निदान विणकरासाठी एक जादा काढून घ्यावा म्हणून छापखान्यात गेलो, तर पंचवीस काढून शिळा घासूनसुद्धा झाली होती. त्यावर आता पातळांची लेबलं चढणार होती. हेडमास्तरांकडे आमच्या शाळेचा कॅट मागितला. शाळेची वस्तू बाहेर जात नाही, म्हणाले.

रविवारी विणकर आला. दोन्ही मुलींना न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून आणलं होतं. मी सांगितलं, कमिटीने मोजकेच छापले, अक्षरं पुसली गेली, तुमच्यासाठी उरला नाही.

तो म्हणाला, "त्यात काय, मास्तर. मी पुन्ना लिवून देतो की. कवापासून बसू?"

सही मीही केली होती, हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.