लेकरांची वाटी

तिखट खाणाऱ्या घराचे किस्से कधी संपत नाहीत. एक सांगितला की त्याच्या मागून चार येतात, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. हसा बापा, हसा! आमच्या सिंदी मेघेच्या बायका तर दुपारी चहाला जमल्या की फर्माईशच करतात, "वहिनी, रोहण्याचा सांगा ना एखादा!" मी सांगते. पण मला स्वतःला हसू येत नाही. मला आजही राग येतो, आणि चांगला सणसणीत येतो.

रोहणा हे माझं सासर. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी तिथं सून म्हणून गेले. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, यांचे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे गुणवंत, त्यांची बायको शांताबाई आणि लेकरं, आमचे हे आणि मी. मिरची घरच्याच वावरातली. पोतंच्या पोतं यायचं, आणि ते सगळं आमच्याच पोटात गेलं पाहिजे असा घरचा नियम!

*

माझा पहिला स्वयंपाक पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्शाचा. मी सुगरणीच्या तोऱ्यात मोजून तीन चमचे तिखट घातलं. मामंजींनी एक घास घेतला आणि शेजारच्या घरी ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सूनबाई, तिखटाचा डबा सापडला नाई काय?"

आत्याबाई उठल्या. डब्यात मूठ घातली आणि ती मूठ पातेल्यात रिकामी केली. रश्शावर लालभडक तर्री आली. मग मामंजींच्या टकलावरून घाम निथळायला लागला, नाक वाहायला लागलं, तेव्हा कुठं ते म्हणाले, "हां! आता जेवल्यासारखं वाटून राह्यलं!"

घाम आला तर सून पास, नाही आला तर नापास. असली मार्कशीट मी कुठल्याच शाळेत पाहिली नव्हती!

*

पाहुण्यांना पोळायची तर मामंजींना हौसच होती. एकदा नवा ग्रामसेवक जेवायला आला, बिचारा कोकणातला. मामंजींनी त्याच्या ताटात ठेच्याचा हा एवढा गोळा वाढायला लावला. "घ्या साहेब, कोथिंबिरीची चटणी हाय!"

साहेबांनी तो भाकरीला लोण्यासारखा फासून खाल्ला. दोन मिनिटं त्यांना बोलताच येईना. मग उठले ते थेट अंगणात गेले आणि बैलांच्या पाण्याच्या टाक्यात तोंड बुडवलं.

मामंजी हसून हसून आडवे झाले. "पाह्यली काय सरकारची ताकद!"

शांताबाई गूळ घेऊन धावल्या, तर त्यांच्यावरच ओरडले, "राहू दे वं सूनबाई, मजा येऊन राह्यली!" माणसाच्या डोळ्यांतून धारा लागल्यात आणि यांना मजा! मी चुलीपुढं दातओठ खात बसले होते.

*

वैशाखात वर्षाचं तिखट कांडायचं. आम्ही दोघी जावा सकाळपासून देठं खुडायचो, मिरच्या उन्हात कडक करायचो आणि तोंडाला पदर बांधून उखळात कांडायचो. हातांना एरंडीचं तेल चोपडलं तरी संध्याकाळपर्यंत बोटांची नुसती आग आग व्हायची.

माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. भुकेनं टाहो फोडत होता, आणि मला त्याला हात लावायची सोय नव्हती! शेवटी शेजारच्या पारूबाईंनी त्याला माझ्या मांडीवर धरला, आणि मी दोन्ही हात लांब पसरून त्याला पाजलं. तो पीत होता आणि मी रडत होते. ठसक्यानं नव्हे, संतापानं.

आणि पुरुष? ठसका लागतो म्हणून देवळाच्या पारावर जाऊन बसलेले! तिथून भासरे ओरडले, "आवरा ना लवकर! आमाले खोकला येऊन राह्यला!"

मुसळ माझ्या हातातच होतं. भासऱ्यांचं नशीब, पार लांब होता.

*

आता शांताबाईंचं ऐका. जेवण झालं की ती बाई पोट दाबून कोपऱ्यात बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, जरासं जळते." एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठं तिला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात अल्सर आहे. तिखट कायमचं बंद, नाहीतर जिवावर बेतेल.

उपाय घरातच होता हो! रोज भाजीत तिखट घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढत. लेकरांची वाटी. मी म्हटलं, "आत्याबाई, शांताबाईंचंही त्यातच काढू ना."

"ते काय लेकरू हाय? एका घरात दोन भाज्या ह्यांले चालत नाई." ह्यांले म्हणजे मामंजींना. संपला विषय!

मग शांताबाई काय करायच्या? रश्शातली वांग्याची फोड पेल्यातल्या पाण्यात धुवायच्या आणि भाकरीशी खायच्या. पेल्यातलं पाणी लाल व्हायचं. तरी रात्री पोट धरून बसायच्याच. एक-दोन दिवस नाही, सहा वर्षं!

*

मी चोरी सुरू केली. लेकरांच्या नावानं दोन वाट्या काढायला लागले आणि दुसरी गुपचूप शांताबाईंना द्यायला लागले. आत्याबाईंनी आठ दिवस नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "पोट्टे दोन-दोन वाट्या खातेत, मंग असे काडीवानी काऊन दिसतेत?"

आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वाटीत चिमूटभर तिखट टाकलं. चमच्यानं ढवळलंसुद्धा! "सवय लागू दे."

मी यांच्याकडे गेले. म्हटलं नवरा आहे, शिकलेला आहे, तालुक्याच्या ऑफिसात नोकरीला आहे! "तुम्ही बोला मामंजींशी. नाहीतर तुमची वहिनी एक दिवस जाईल."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अवं, तिखटानं भूक चांगली लागते."

त्या दिवशी मी यांच्या ताटात एक भाकरी आणि तिच्या शेजारी एक सुकी लाल मिरची वाढली. अख्खी, देठासकट. भाजी नाही, वरण नाही.

"हे काय?" यांनी विचारलं.

"भूक," मी म्हटलं.

*

आणि मग एका आषाढात मामंजींनाच रक्ताची उलटी झाली! तेच वर्धा, तोच डॉक्टर, तीच ताकीद.

मामंजी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी चुलीवर दुसरं पातेलं चढलं होतं. छोटं, नवंकोरं, आर्वीच्या बाजारातून मुद्दाम आणलेलं. आत्याबाईंनी स्वतः त्यात पाटोडीचा रस्सा केला, तिखटाचा कण न घालता. एका घरात दोन भाज्या! मी त्या पातेल्याकडे बघत होते आणि माझ्या कपाळाची शीर तडतडत होती.

पुरुषांची पंगत बसली. आमच्याकडे सुनांनी जेवायचं ते पुरुष उठल्यावरच. मामंजी, भासरे, हे. आत्याबाई वाढायला, मी पाणी द्यायला, शांताबाई चुलीपुढं भाकरी थापायला. मामंजींनी घाबरत एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग वाटीच तोंडाला लावली.

"गुणवंताची माय, हे तं मस्त लागते! आतापर्यंत काऊन नाई केलं?"

आत्याबाईंच्या हातात पळी तशीच राहिली.

शांताबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले. फळीवरचं आपलं ताट काढलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सरळ पुरुषांच्या पंगतीत येऊन मामंजींच्या शेजारी पाटावर बसल्या. भासऱ्यांचा घास तोंडातच राहिला.

शांताबाईंनी रिकामी वाटी पुढं केली.

"वाढा, आत्याबाई. दोन लेकरं बसले पंगतीले."