संकष्टीचा तांब्या

यकृतात गाठी निघाल्या तेव्हा मी देवाशी अबोला धरला. आतड्यातल्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्याच त्या, डॉक्टर म्हणाले. खास स्कॅनमध्ये त्या ठिपक्यांसारख्या चमकत होत्या. चमकतात हे बरं, आता गाठींना नेमकं जाऊन चिकटणारं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देता येईल, असं ते समजावत होते. मला त्यात बरं काही दिसेना.

उपचाराची तारीख नेमकी संकष्टीला आली आणि माझा अबोला सुटला. मी निर्जळी उपास धरला. प्रभादेवीच्या गणपतीचं दर्शन घेऊन ऑक्टोबरच्या उन्हात अनवाणी परळला चालत गेले. मुलगी ओरडली असती, म्हणून तिला परस्पर हॉस्पिटलात यायला सांगितलं.

तिथे रक्त तपासलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "किडनीचा आकडा वाढलाय. औषध किडनीतूनच बाहेर पडतं, असं असताना देता येणार नाही. भरपूर पाणी प्या, दुपारी पुन्हा बघू. नाहीतर पुढची तारीख दीड महिन्याने." मी मान हलवली आणि बाटली हातात धरून तशीच बसले. उपास मोडला तर गाठी वाढतील, अशी भीती मनात घट्ट बसली होती. मुलगी कागदांच्या रांगेत होती.

शेजारी माझगावची एक कोळीण नवऱ्याच्या नंबराची वाट बघत होती. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

"पानी का नाय पीत गो बाय? उपास हाय?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं.

"लेकराला तहानेलं ठेवनारी आयस मी नाय बघितली. मंग देव ठेवील काय? पी."

तिनेच झाकण उघडून बाटली माझ्या तोंडाला लावली. मी दोन बाटल्या संपवल्या. दुपारी आकडा उतरला. संध्याकाळी किरणोत्सर्गामुळे मी वेगळ्या खोलीत एकटी होते, औषध शिरेतून जात होतं, आणि नर्स फोनवरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "आजी, पाणी पिताय ना?" चंद्रोदय कधी झाला, मला कळलंही नाही.

असे चार डोस झाले. काही ठिपके विझले, काही आहेत, पण वाढलेले नाहीत. कोळणीला मी माझगावच्या बाजारात दोनदा शोधलं, ती भेटली नाही. इतकी वर्षं मी हट्टालाच भक्ती समजत होते. आता संकष्टीला सकाळी गणपतीसमोर बसून तांब्याभर पाणी पिते, आणि जिचं नावही विचारलं नाही तिच्यासाठी हात जोडते.